मॅथ्यू लायन, तुरुंगातून निवडून आलेला अमेरिकी खासदार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी दोन शब्दांचा खुलासा. खाली ‘काँग्रेस’ म्हणजे अमेरिकेची संसद, आपल्याकडचा पक्ष नव्हे. आणि ‘रिपब्लिकन’ म्हणजे थॉमस जेफरसनच्या गटाचे लोक. आजच्या रिपब्लिकन पक्षाशी त्यांची गल्लत करू नका, तो पक्ष १८५४ मध्ये निघाला. जेफरसनवाल्यांच्या समोर होते फेडरलिस्ट, म्हणजे अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्सच्या बाजूचे. सगळी भांडणं या दोन गटांतली.

हा लायन नेमका कोण?

आयर्लंडमधून पोरवयात एकटा अमेरिकेत आलेला, दुसऱ्याच्या शेतावर राबलेला, स्वातंत्र्ययुद्धात लढलेला, पुढे गिरण्या आणि छापखाना काढून पैसा केलेला माणूस. प्रतिनिधीगृहात, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहात, तो १७९७ ते १८०१ व्हरमाँटमधून बसला आणि १८०३ ते १८११ केंटकीतून. त्याचं नाव निघतं ते दोन गोष्टींसाठी. भर सभागृहात तो एका सदस्याच्या तोंडावर थुंकला, ही एक. सरकारवर टीका केली म्हणून तुरुंगात गेला आणि कोठडीत असतानाच पुन्हा निवडून आला, ही दुसरी. लोक पहिली रंगवून सांगतात आणि दुसरी विसरतात. खरं तर पहिलीशिवाय दुसरी नीट कळत नाही.

जन्म कधीचा?

काँग्रेसच्या नोंदीत १४ जुलै १७४९, डब्लिनजवळ, विकलो परगण्यात. काही चरित्रकार साल थोडं मागेपुढे धरतात. तारीख मात्र लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

बैलांच्या जोडीवर विकला गेला, ही दंतकथा की खरं?

खरं. फक्त ‘विकला गेला’ म्हणजे काय, ते समजून घ्यायला हवं. त्या काळी युरोपातल्या गरीब माणसाकडे जहाजाचं भाडं नसायचं. तो कप्तानाशी करार करून चढायचा : पलीकडे पोचल्यावर माझं भाडं जो चुकवेल, त्याच्याकडे मी इतकी वर्षं राबेन. म्हणजे बंदरावर माणूस उतरायचा आणि त्याच्या कराराचा सौदा व्हायचा. हा करार मुदतीचा असे, मुदत संपली की माणूस मोकळा. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना ती मुदत कधीच नव्हती, त्यामुळे दोन्ही एकाच मापाने मोजू नयेत.

लायन पंधराएक वर्षांचा असताना असाच आला. त्याआधी डब्लिनमध्ये छापखान्याचं काम शिकायला लागला होता. न्यूयॉर्कला उतरल्यावर कनेक्टिकटमधल्या वुडबरीच्या जेबेझ बेकन नावाच्या व्यापाऱ्याने त्याचा करार घेतला, आणि पुढे तो करार दुसऱ्या एका गृहस्थाला दिला. मोबदल्यात काय घेतलं? बैलांची एक जोडी.

दुसरा कोणी असता तर ही गोष्ट आयुष्यभर लपवली असती. लायनने तिची शपथच करून टाकली. तावात आला की म्हणायचा, ‘मला सोडवणाऱ्या त्या बैलांची शपथ!’ विरोधकांनी हिणवण्याआधी आपणच सांगून टाकायचं, हा त्याचा स्वभाव. बैलांच्या बाबतीत तो जमला. एका तलवारीच्या बाबतीत जमला नाही.

लाकडी तलवारीचं प्रकरण काय आहे?

१७७४ मध्ये लायन उत्तरेला, आज ज्याला व्हरमाँट म्हणतात त्या मुलखात गेला. तेव्हा त्याला ‘न्यू हॅम्पशायर ग्रँट्स’ म्हणत, आणि जमिनीच्या पट्ट्यांवरून तिथे न्यूयॉर्कशी वर्षानुवर्षांचं वैर होतं. ईथन अ‍ॅलनचे ‘ग्रीन माउंटन बॉईज’ त्या वैरातूनच उभे राहिले आणि लायन त्यांच्यात सामील झाला.

१७७६ मध्ये तो सेकंड लेफ्टनंट होता. कॅनडाची मोहीम फसून अमेरिकी फौज माघारी आली होती. त्याच्या तुकडीला सरहद्दीवर जेरिको नावाच्या गावी ठेवलं होतं. मूठभर माणसं, समोर शत्रू कधीही येईल अशी हवा, आणि राखायची होती ती दुसऱ्यांची शेतं. शिपायांनी ठाणं सोडलं. लायनचं म्हणणं असं की मी त्यांना शेवटपर्यंत अडवत होतो. वरचा सेनापती जनरल गेट्सने ते ऐकलं नाही, कोर्ट मार्शल होऊन अधिकारी बडतर्फ झाले. पुढच्याच वर्षी लायनला सेथ वॉर्नरच्या पलटणीत पगारवाटप अधिकारी म्हणून परत घेतलं, म्हणजे वरिष्ठांनाही त्याचा गुन्हा फार मोठा वाटला नसावा. पण भित्रेपणाबद्दल त्याला कमरेला लाकडी तलवार बांधून मिरवलं, अशी आवई उठली ती उठलीच. बावीस वर्षांनी फिलाडेल्फियात तिने पेट घेतला.

काँग्रेसमध्ये येण्याआधी काय करायचा?

काय करत नव्हता, ते विचारा! १७८३ मध्ये त्याने फेअर हेवन हे गाव वसवलं. लाकूड कापायची गिरणी, लोखंडाची भट्टी, कागदाची गिरणी आणि १७९३ पासून छापखाना व वर्तमानपत्र. व्हरमाँटचे पहिले गव्हर्नर थॉमस चिटेंडन यांची मुलगी ब्यूला ही त्याची दुसरी बायको. विधानसभेत तो वर्षानुवर्षं होताच. काँग्रेसची निवडणूक मात्र आधी हरला, पुन्हा उभा राहिला, पुन्हा हरला, एका निकालाला आव्हानही देऊन पाहिलं. शेवटी १७९७ मध्ये आत गेला.

फेडरलिस्टांना त्याचा एवढा राग का?

आल्या आल्या त्याने एका प्रथेला हात घातला. अध्यक्षाने भाषण केलं की सभागृहाने उत्तराचा मसुदा करायचा आणि सगळ्या सदस्यांनी मिरवत अध्यक्षांच्या घरी जाऊन तो वाचून दाखवायचा, असा रिवाज होता. लायन उभा राहून म्हणाला, ही राजेशाहीची नक्कल आहे, मला यातून वगळा. सभागृह हसलं आणि त्याला वगळलं. चार वर्षांनी जेफरसनने अध्यक्ष झाल्यावर हा सगळा थाटच बंद करून लेखी संदेश पाठवायला सुरुवात केली, तेव्हा कोणी हसलं नाही.

बाकी कारणं सांगायलाच नकोत. आयरिश उच्चार, बांधील मजुराचा भूतकाळ, अंगावर कारखानदाराचा रांगडेपणा. आडनावाचा उच्चारही थेट ‘सिंह’ असा, त्यामुळे फेडरलिस्ट पत्रांना आयतं कोलीत मिळालं. व्हरमाँटच्या जंगलातून पकडून आणलेलं जनावर म्हणून त्याची टिंगल छापून येई.

थुंकण्याचा प्रसंग नेमका कसा घडला?

३० जानेवारी १७९८. राजधानी तेव्हा फिलाडेल्फियात होती. सभागृहात मतमोजणी चालली होती, त्यामुळे सदस्य उठून इकडेतिकडे गप्पा मारत होते. स्पीकर जोनाथन डेटनही आपली खुर्ची सोडून बसले होते. लायन त्यांच्याशी बोलत होता, पण आवाज असा की आजूबाजूच्यांनी ऐकावं. विषय कनेक्टिकटचा. तिथले प्रतिनिधी लोकांच्या मताविरुद्ध वागतात, मी सहा महिने तिथे जाऊन छापखाना चालवला तर सगळ्यांना घरी बसवीन, असा एकंदर सूर.

कनेक्टिकटचे रॉजर ग्रिस्वोल्ड जवळच होते. त्यांनी विचारलं, लाकडी तलवार घेऊन जाणार का? लायनने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ग्रिस्वोल्ड जवळ आले, त्याच्या दंडावर हात ठेवून पुन्हा तेच बोलले. लायन वळला आणि त्यांच्या तोंडावर थुंकला.

ग्रिस्वोल्डनी तोंड पुसलं आणि त्या दिवशी हात उचलला नाही. पुढचे दोन आठवडे सभागृहाने या थुंकीवर साक्षी-पुरावे घेतले, समिती नेमली, भाषणं झाली. फ्रान्सशी युद्ध होतं की काय अशी वेळ, आणि कामकाजात हा विषय! १२ फेब्रुवारीला हकालपट्टीच्या बाजूने ५२ आणि विरोधात ४४ मतं पडली. हकालपट्टीला दोन तृतीयांश लागतात, त्यामुळे लायन वाचला.

आणि काठी-चिमट्याची मारामारी?

ती तीन दिवसांनी, १५ फेब्रुवारीला. लायन आपल्या टेबलाशी बसला होता, कामकाज अजून रीतसर सुरू व्हायचं होतं. ग्रिस्वोल्ड हिकरीची जाड काठी घेऊन आले आणि बसल्या जागी त्याच्या डोक्यावर, खांद्यावर हाणू लागले. लायन टेबलाच्या कचाट्यातून कसाबसा सुटला आणि शेकोटीकडे धावला. तिथला विस्तव सारायचा लोखंडी चिमटा त्याच्या हाती लागला. मग दोघे एकमेकांना धरून जमिनीवर आले. सोडवणाऱ्यांनी ग्रिस्वोल्डना पाय धरून ओढलं, असं साक्षीदारांनी सांगितलं आहे. थोड्या वेळाने पाणी पिण्याच्या टेबलापाशी दोघांची पुन्हा जुंपली. त्या वर्षी छापलेलं व्यंगचित्र आजही अमेरिकी पाठ्यपुस्तकांत असतं : एकाच्या हातात काठी, दुसऱ्याच्या हातात चिमटा, मागे हसणारे खासदार. दोघांनाही काढून टाका, असा ठराव आला, तोही पडला.

माझं मत विचाराल तर थुंकण्याचं समर्थन होत नाही. पण काठीवाल्याला ‘सभ्य’ आणि चिमटेवाल्याला ‘रानटी’ ठरवणाऱ्यांचा हिशेब मला कधी कळला नाही.

तुरुंगात गेला तो या मारामारीमुळे का?

नाही. हा सर्वात जास्त आढळणारा गैरसमज आहे. तुरुंगवास लिहिण्याबद्दल झाला.

१४ जुलै १७९८ रोजी राजद्रोहाचा कायदा झाला. (बरोबर, लायनच्या वाढदिवशी.) प्रतिनिधीगृहात तो ४४ विरुद्ध ४१ असा जेमतेम पार पडला. सरकार, काँग्रेस किंवा अध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटं, बदनामीकारक आणि द्वेषबुद्धीने लिहिलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार डॉलरपर्यंत दंड. यादीत उपाध्यक्ष नव्हता. उपाध्यक्ष तेव्हा जेफरसन होता, आणि त्याच्याविरुद्ध वाटेल ते बोलायची मोकळीक फेडरलिस्टांना हवी होती. कायद्याची मुदतही ३ मार्च १८०१, म्हणजे अ‍ॅडम्सची कारकीर्द संपण्याच्या आदल्या दिवसापर्यंत. इतकं उघडं कारस्थान कायद्याच्या भाषेत क्वचित सापडतं.

लायनवरचा मुख्य आरोप एका पत्राबद्दल होता. अ‍ॅडम्सच्या कारभारात लोककल्याण मागे पडून सत्तेची अखंड हाव, हास्यास्पद डामडौलाची तहान, खुळचट खुशामत आणि स्वार्थी लोभ दिसतो, असं त्यात होतं. पत्र त्याने जूनमध्ये, म्हणजे कायदा होण्याआधी लिहिलं. छापून आलं जुलैअखेर. शिवाय कवी जोएल बार्लोचं एक पत्र त्याने सभांतून वाचून दाखवलं होतं, ज्यात अध्यक्षाला वेड्यांच्या इस्पितळात पाठवायला हवं अशा अर्थाचं वाक्य होतं. तेही आरोपपत्रात आलं.

खटला कसा चालला?

झटपट. ऑक्टोबर १७९८ मध्ये व्हरमाँटच्या रटलंड गावी. समोर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम पॅटरसन, कारण तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश घोड्यावर, बग्गीतून फिरत खालची न्यायालयंही चालवत.

लायनने आपली बाजू बव्हंशी स्वतःच मांडली. कायदा घटनेविरुद्ध आहे, माझा हेतू वाईट नव्हता आणि लिहिलेलं खरं आहे, असे तीन मुद्दे. कायद्यात ‘खरं असेल तर सुटका’ अशी तरतूद होती. म्हणून त्याने न्यायमूर्तींनाच साक्षीला ओढलं : तुम्ही अध्यक्षांकडे जेवला आहात ना? तिथला डामडौल पाहिला नाहीत? पॅटरसन म्हणाले, क्वचित जेवलो आहे, मला तर साधेपणाच दिसला. लायनने पुढे विचारलं, इथे रटलंडच्या खाणावळीत तुम्ही उतरला आहात, तिथल्यापेक्षा जास्त नोकरचाकर आणि थाट नव्हता का? त्याच्या स्वतःच्या हकिकतीप्रमाणे यावर न्यायमूर्तींनी उत्तर दिलं नाही.

ज्युरीला तासाभरात निर्णय सुचला : दोषी. शिक्षा चार महिने कैद, हजार डॉलर दंड आणि ६०.९६ डॉलर खर्च. दंड भरेपर्यंत सुटका नाही.

कोठडी कशी होती?

लायनला वाटलं होतं रटलंडच्याच तुरुंगात ठेवतील. मार्शलने, म्हणजे कोर्टाच्या अंमलदाराने, त्याला चाळीसेक मैल उत्तरेला, व्हरजेन्सला नेलं. तिथून सेनेटर स्टीव्हन्स मेसनला लिहिलेल्या पत्रात त्याने खोलीचं वर्णन केलं आहे. सोळा फूट लांब, बारा फूट रुंद. एका कोपऱ्यात शौचकूप, ज्याचा वास ऑगस्टमधल्या फिलाडेल्फियाच्या धक्क्यावरच्या वासाच्या तोडीचा. गजांची एक छोटी खिडकी, तिला काच नाही. शेगडी नाही. व्हरमाँटच्या थंडीत काच आणि शेगडी नसणं म्हणजे काय, हे तिथला हिवाळा काढलेल्यालाच कळेल. काच आणि शेगडीची सोय अखेर त्याच्या बाजूच्या लोकांनी केली. काही जण तुरुंग फोडायलाच निघाले होते. लायननेच त्यांना आवरलं. भर सभागृहात थुंकणाऱ्या माणसाने हे करावं, हे मला विशेष वाटतं.

आत असताना निवडणूक कशी लढवली?

लेखणीने. सप्टेंबरमधल्या पहिल्या फेरीत कोणालाच बहुमत मिळालं नव्हतं, त्यामुळे डिसेंबरमध्ये फेरनिवडणूक होती. आरोपी किंवा कैदी उभा राहू शकत नाही, असा कायदा नव्हता. लायन कोठडीतून पत्रं लिहीत राहिला, ती छापली जात राहिली. निकाल : लायन ४,५७६, समोरचा उमेदवार २,४४४. ज्या पत्रासाठी सरकारने त्याला आत टाकलं, ते ज्यांनी आधी वाचलंही नसेल त्यांनी नंतर मुद्दाम मिळवून वाचलं असणार.

हजारो लोकांच्या सह्यांचा माफीचा अर्जही अ‍ॅडम्सकडे गेला. त्यावर लायनची सही नव्हती आणि ती करायला तो तयार नव्हता. अ‍ॅडम्सने अर्ज नाकारला.

दंड कोणी भरला?

लोकांनी. लायनच्या मालमत्तेची बक्षिसं लावून लॉटरी काढायचा बेत झाला. तिची जाहिरात छापणारे बेनिंग्टनचे संपादक अँथनी हॅस्वेल यांनाही याच कायद्याखाली दोन महिने कैद आणि २०० डॉलर दंड झाला! अखेर व्हर्जिनियातल्या रिपब्लिकनांनी वर्गणी केली आणि सेनेटर मेसन स्वतः पैसे घेऊन व्हरमाँटला आले.

९ फेब्रुवारी १७९९ ला लायन सुटला. दारातून बाहेर पडताच त्याने ओरडून सांगितलं, मी काँग्रेसला, फिलाडेल्फियाला निघालो आहे! हा निव्वळ उत्साह नव्हता. अधिवेशनाला जाणाऱ्या सदस्याला अशी अटक करता येत नाही, आणि दुसऱ्या खटल्याचं वॉरंट तयार असल्याची कुणकुण त्याला होती. फिलाडेल्फियात पुन्हा हकालपट्टीचा ठराव आला, यावेळी राजद्रोहाच्या शिक्षेवरून. ४९ विरुद्ध ४५. पुन्हा दोन तृतीयांश भरले नाहीत.

जेफरसनला अध्यक्ष यानेच केलं का?

अर्धं खरं. १८०० च्या निवडणुकीत जेफरसन आणि त्याच्याच गटाचा अ‍ॅरन बर यांना प्रत्येकी ७३ मतं पडली आणि निर्णय प्रतिनिधीगृहाकडे आला. तिथे दर राज्याला एक मत. व्हरमाँटचे सदस्य दोन : लायन आणि फेडरलिस्ट लुईस मॉरिस. दोघे दोन बाजूंना, म्हणून राज्याचं मत बाद. पस्तीस फेऱ्या अशाच गेल्या. १७ फेब्रुवारी १८०१ च्या छत्तिसाव्या फेरीला मॉरिस बाहेर राहिले आणि लायनच्या एकट्याच्या मताने व्हरमाँट जेफरसनकडे गेलं. त्याच फेरीत मेरीलँडमध्येही तसंच घडलं, त्यामुळे सगळं श्रेय लायनला देणं म्हणजे जरा अतीच. पण ज्याच्या सरकारने कोठडीत टाकलं, त्याच्या जागी नवा माणूस बसवताना स्वतःचं मत मोजलं जाणं, हे सुख त्याला लाभलं खरं.

टिळकांवरचा राजद्रोहाचा कायदा आणि हा एकच का?

मूळ एकच. दोन्ही इंग्रजी कायद्यातल्या राजद्रोही लेखनाच्या गुन्ह्यातून आलेले. फरक असा की अमेरिकी कायद्यात मजकूर खरा ठरला तर सुटायची वाट निदान कागदावर होती. १८९७ च्या लोकमान्यांच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी सरकारविषयी ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव, इथवर कलम ताणलं. प्रीतीचा अभाव तर लायनकडे पोत्याने होता.

पुढे काय झालं?

१८०१ मध्ये त्याने व्हरमाँट सोडलं आणि केंटकीत कंबरलँड नदीकाठी एडीव्हिलला बस्तान बसवलं. तिथून चार वेळा काँग्रेसमध्ये गेला, मग हरला. सरकारसाठी बोटी बांधण्याच्या व्यवहारात बुडाला. १८२० मध्ये सत्तरीत असताना आर्कान्सासमध्ये चेरोकी लोकांशी व्यापार करणाऱ्या सरकारी कोठीवर त्याची नेमणूक झाली. तिथेही काँग्रेसला उभा राहिलाच, हरला आणि निकालाला आव्हान दिलं. म्हातारपणी माणूस बदलतो म्हणतात, हा नाही बदलला. १ ऑगस्ट १८२२ ला स्पॅड्रा ब्लफ इथे वारला. पुढे त्याचे अवशेष एडीव्हिलला आणले. मुलगा चिटेंडन लायन हाही केंटकीतून काँग्रेसमध्ये गेला. तिथला लायन परगणा मुलाच्या नावाचा आहे, बापाच्या नव्हे.

दंडाचे पैसे कधी परत मिळाले का?

मिळाले, पण त्याला नाही. वारस वर्षानुवर्षं अर्ज करत राहिले. ४ जुलै १८४० रोजी काँग्रेसने कायदा करून १,०६०.९६ डॉलर, फेब्रुवारी १७९९ पासूनच्या व्याजासकट, परत करायचं ठरवलं. मूळ कायदा घटनेविरुद्ध होता, असं कारण देऊन. रटलंडच्या कोर्टात लायनचा पहिला मुद्दा हाच होता. १९६४ मध्ये वृत्तपत्रस्वातंत्र्याचा एक मोठा निकाल देताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या परताव्याचा दाखला दिला. हजार डॉलर दंड आणि खर्चाचे ते ६० डॉलर ९६ सेंट, दोन्ही परत आले.